वॉकी-टॉकीवाल्या मुलीला पगार कोण देतं?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी मुलगी २२ वर्षांची, काटोल तालुक्यातल्या एका गावची. गेल्या उन्हाळ्यात नागपुरातून बी.एस्सी. झाली. विषय भौतिकशास्त्र, गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स. दोन वर्षांपूर्वी मामेभावाला पुण्याच्या विमानात बसवायला ती नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर गेली होती. तिथे काचेपलीकडे वॉकी-टॉकी घेऊन धावपळ करणारी एक मुलगी तिने पाहिली आणि तेव्हापासून ‘मला हेच करायचं आहे’ हे तिच्या मनात पक्कं आहे. शहरातल्या एका संस्थेत एअरपोर्ट मॅनेजमेंटचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. फी १ लाख ८५ हजार, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ आणि १५ तारखेच्या आत पैसे भरले तर दहा टक्के सूट. वडिलांनी संत्र्याच्या बहाराचे पैसे बाजूला काढून ठेवलेत. पण त्यांच्या मते तिने एमपीएससी करावी. मामा म्हणतो, रात्रपाळीच्या पोरीला स्थळ कोण आणणार. इंग्रजी बोलताना ती अडखळते. ‘ताई, फी भरू की नको, तेवढं सांगा. हे हुकलं तर मला गावी परत जावं लागेल,’ असं तिने शेवटी लिहिलं आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला ते विमानतळाचं पत्र वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या ओळीवर अडकले. गावी परत जावं लागण्याची भीती आणि विमानतळाची ओढ या दोन गोष्टी तू एकाच पिशवीत भरल्यास, आणि समोरच्या समुपदेशकाने ती पिशवी बरोबर वजन करून तुला १ लाख ८५ हजारांचा भाव सांगितला. भीतीपोटी केलेली खरेदी नेहमी महागात पडते, मग ती साडी असो की डिप्लोमा. म्हणून आधी भीती बाजूला काढू. नागपुरात खोली आणि मेस धरून महिन्याला सात-आठ हजार लागतात. म्हणजे फीच्या निम्म्या पैशांत तू इथे आणखी वर्षभर राहू शकतेस, कुठलाही डिप्लोमा न करता. गावी जावं लागणं आणि फी न भरणं याचा एकमेकांशी संबंध नाही.

आता त्या वॉकी-टॉकीवाल्या मुलीकडे येऊ. मी तिला ओळखते, म्हणजे मीच ती होते. सोनेगावला मी काही वर्षं ग्राउंड स्टाफमध्ये काढली. नोकरी सोडून आता बरीच वर्षं झाली, पण पहाटे तीनला जाग अजून येते. तू तिला काचेतून पाहिलंस तेव्हा ती काय करत होती याचा मी अंदाज करू शकते. विमान उतरून उभं राहिलं की चाकांना चोक, म्हणजे अडसर, लागतात, भोवती नारिंगी कोन ठेवतात, आणि तिथून घड्याळ सुरू. अर्ध्या-पाऊण तासात एकशे ऐंशीच्या आसपास माणसं उतरवायची, तेवढीच चढवायची, सामान काढायचं-भरायचं, सफाई, इंधन, खाण्याच्या ट्रॉल्या, व्हीलचेअरवरच्या आजोबांची लिफ्ट, वैमानिकाच्या हातात वजनाचा हिशेब. हे सगळं वेगवेगळी माणसं करतात आणि त्यांच्यामध्ये ती वॉकी घेऊन उभी असते. बहुतेक वेळा तिच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘अजून किती?’

एक रात्र सांगते. दार बंद व्हायला सात मिनिटं आणि एक प्रवासी कमी. चेक-इन झालेला, बोर्डिंग पास घेतलेला, पण गेटवर नाही. प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग विमानात ठेवता येत नाही, हा सुरक्षेचा नियम. म्हणजे पोटातल्या सामानातून एक बॅग शोधून बाहेर काढायची. लोडर मुलं कुरकुर करत परत चढली, मी घोषणा करून करून घसा बसवला. गृहस्थ सापडले पाण्याच्या कूलरमागच्या खुर्चीवर, कानात इअरफोन, डुलक्या घेत. त्यांना उठवलं तर म्हणाले, ‘मॅडम, जरा हळू बोला ना.’ मग मी हळूच बोलले. त्या नोकरीतलं कौशल्य म्हणाल तर ते एवढंच, आणि ते कुठल्याही वर्गात शिकवून येत नाही.

तू माझ्या जागी गेलीस तर तुला ते काम आवडेलही. पण त्याला ‘एअरपोर्ट मॅनेजमेंट’ म्हणत नाहीत. आणि तुझ्या पत्रात नसलेला, पण या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न म्हणजे: त्या मुलीला पगार कोण देत होतं?

लोकांना वाटतं विमानतळ म्हणजे एक ऑफिस, एक साहेब. खरं तर एका छताखाली डझनभर मालक असतात. नागपूरचं विमानतळ मिहान इंडिया या कंपनीकडे आलं ते २००९ मध्ये. त्यात राज्याच्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीचा (एमएडीसी) हिस्सा ५१ टक्के आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा ४९ टक्के. मनोऱ्यात बसून विमानांना वाट देणारे नियंत्रक प्राधिकरणाचे. ते मुंबई-दिल्लीच्या खासगी विमानतळांवरही प्राधिकरणाचेच असतात. दारात बंदूक घेऊन उभे असलेले आणि तुमची झडती घेणारे सीआयएसएफचे. चेक-इनवाली मुलगी विमान कंपनीची, किंवा त्या कंपनीने नेमलेल्या ग्राउंड हँडलिंग कंपनीची. सामान भरणारी मुलं अनेकदा आणखी तिसऱ्याच कंत्राटदाराची. अग्निशमन दल विमानतळ चालवणाऱ्याचं, इंधन तेल कंपनीचं, हवामानाची माहिती हवामान खात्याची, कस्टम्स आणि इमिग्रेशन केंद्र सरकारचं. प्रत्येकाची भरती वेगळी, पात्रता वेगळी, पगार वेगळा. आणि या कुणाच्याही भरतीच्या खिडकीवर तुझ्या त्या डिप्लोमाची पावती अडवून विचारत नाहीत.

तेव्हा संस्थेत जाऊन प्लेसमेंट किती टक्के असं विचारू नकोस. गेल्या बॅचच्या पाच जणांची नियुक्तिपत्रं दाखवा म्हण. पत्रावर वर कुणाचं नाव आहे, पद काय लिहिलंय, पगार हातात किती, करार किती महिन्यांचा आणि नेमणूक कुठल्या गावी, हे वाच. ‘प्लेसमेंट’ आणि ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्याचा अर्थ साधारणपणे व्हॉट्सॲपवर मुलाखतींच्या जाहिराती पाठवणं इतकाच होतो, आणि त्या जाहिराती तुलाही फुकट दिसतात. फी परत मिळण्याची अट लेखी माग. तोंडी ‘अहो मॅडम, आपण घरचीच माणसं’ ऐकलंस की उठून ये.

त्यांच्या माहितीपत्रकात ‘लाइव्ह एअरपोर्ट ट्रेनिंग’ असेल. विमानतळाच्या आतल्या बाजूला, विमानापाशी, पाय ठेवायचा तर बीसीएएसचा, म्हणजे नागरी विमान सुरक्षा ब्युरोचा, प्रवेश परवाना लागतो. तो तुम्ही ज्याच्याकडे काम करता तो मालक काढून देतो, पोलीस पडताळणीनंतर. म्हणून या ‘लाइव्ह’ प्रशिक्षणाचा अर्थ अनेकदा काय होतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय: निळे ब्लेझर घातलेली तीसेक पोरं-पोरी डिपार्चरच्या गेटबाहेर, फोटो काढत. चहा टपरीवर पितात आणि परत जातात. सुरक्षा तपासणीचं किंवा धोकादायक मालाचं जे प्रशिक्षण खरंच लागतं, ते नोकरी लागल्यावर कंपनी स्वतः करून घेते.

(पोलीस पडताळणीवरून आठवलं. हे सदर वाचणाऱ्या पोरांनो, गावच्या भांडणात, मिरवणुकीत नाव गुन्ह्यात आलेलं असेल तर या क्षेत्रात ते आडवं येतं. ‘मिटलंय ते’ चालत नाही, कागद लागतो.)

धोकादायक माल म्हटलं की सगळ्यांना बॉम्ब आठवतो. मला खोबरं आठवतं. एक आजी नातवाच्या लग्नाला बंगळुरूला निघाल्या होत्या, बॅगेत तीन किलो सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. सुकं खोबरं विमानात नेता येत नाही. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून धोकादायक मालाच्या यादीत त्याला यूएन १३६३ असा स्वतःचा क्रमांक आहे. हे आजींना कसं सांगणार? त्या म्हणाल्या, ‘बाई, ओटी कशानं भरू मग?’ मागे रांग वाढत होती, आजींच्या डोळ्यांत पाणी. शेवटी त्यांना सोडायला आलेल्या जावयाला गेटवर परत बोलावलं, खोबरं त्याच्या हवाली केलं आणि आजींना खिशातल्या दोन सुपाऱ्या चालतील का ते विचारून आले. त्या चालल्या. अशा क्षणी नियम पाठ असणं आणि माणूस ओळखता येणं, दोन्ही लागतं. तू पत्रात ‘इंग्रजी कमी पडेल’ लिहिलंस, पण नागपूरच्या काउंटरवर दिवसभरात मी जितकं इंग्रजी बोलले त्याच्या दुप्पट हिंदी आणि वऱ्हाडी बोलले.

मीही तुझ्या वयात फी भरली होती, हे सांगून टाकते. त्या संस्थेची पाटी नंतर बदलली, आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. पुढे मुलाखत झाली ती एका हॉटेलच्या हॉलमध्ये. शंभरेक मुलं आलेली, कुणाचंही प्रमाणपत्र कुणी उघडून पाहिलं नाही. मला विचारलं, ‘धुकं आहे, तीन विमानं उशिरा, एक प्रवासी ओरडतोय. तुम्ही आधी काय बोलाल?’ मी म्हणाले, माफी मागीन. समोरचे गृहस्थ म्हणाले, ‘आधी वेळ सांगा. विमान किती वाजता ते सांगा, मग माफी मागा.’ तरी नोकरी मिळाली. वर्षभराच्या कोर्सपेक्षा मला ते एक वाक्य जास्त कामी आलं.

तर डिप्लोमाशिवाय ही नोकरी मिळते. ग्राउंड हँडलिंग कंपन्या थेट मुलाखतींच्या जाहिराती काढतात, पदवीधर चालतो, विज्ञान शाखेचा तर छानच. पण पगार कमी. माझ्या ओळखीत नव्याने लागलेल्या मुलामुलींच्या हातात नागपुरात पंधरा-वीस हजार पडतात, आणि बऱ्याचदा ठरावीक मुदतीचा करार असतो. आता मुंबईकडेही जागा निघतील. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागलीत. पण तिथल्या वीस हजारांतून पनवेलचं भाडं आणि डबा गेला की घरी काय पाठवशील ते कागदावर मांड. आणि हा धंदा वाऱ्यावरचा आहे. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. २५ मार्च ते २४ मे २०२० या दोन महिन्यांत तर देशातली एकूण एक नियमित देशांतर्गत उड्डाणं बंद होती. घाबरवायला सांगत नाही. पहिल्या नोकरीतून सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडत नाही तोवर दुचाकीचा हप्ता घेऊ नकोस, एवढंच.

आता मला ज्यासाठी हे पत्र लिहावंसं वाटलं ती गोष्ट. तू बी.एस्सी. आहेस, भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन. या एका वाक्यावर त्या समुपदेशकाने तुला सांगायला हवं होतं की तू हवाई वाहतूक नियंत्रक होण्याच्या परीक्षेला पात्र आहेस. त्याने सांगितलं नाही, कारण त्यात त्याला फी नाही.

विमानतळ प्राधिकरण ‘ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह’ या पदावर नियंत्रकांची भरती करतं. पात्रता: भौतिकशास्त्र आणि गणितासह बी.एस्सी., किंवा कुठल्याही शाखेचं इंजिनिअरिंग, ज्यात एखाद्या सत्रात हे दोन विषय असले पाहिजेत. वयाची मर्यादा खुल्या गटाला २७, ओबीसींना तीन वर्षं आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षं सवलत. मुलींना अर्जाची फी नाही. गेल्या वेळचा पेपर दोन तासांचा, १२० प्रश्नांचा होता. निम्मे गुण भौतिकशास्त्र-गणिताला, निम्मे इंग्रजी, बुद्धिमत्ता, गणिती क्षमता आणि सामान्य ज्ञानाला, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पुढे आवाजाची चाचणी, मानसिक क्षमतेची चाचणी, वैद्यकीय तपासणी. मूळ पगाराची श्रेणी ४० हजारांपासून १ लाख ४० हजारांपर्यंत, आणि सगळं धरून वर्षाला सुमारे १३ लाख, असं जाहिरातीतच लिहिलेलं असतं. निवड झाली तर प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद नाहीतर आपल्या गोंदियाला. बिरसीच्या त्या विमानतळाला लोक नाकं मुरडतात, पण देशभरातले नियंत्रक तिथे शिकून जातात.

सोपं नाही, हे आधीच सांगते. २०२३ मध्ये ४९६ जागा होत्या, २०२५ मध्ये ३०९, साऱ्या देशासाठी. जाहिरात दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येत नाही. नेमणूक कुठेही होईल. रात्रपाळी यातही आहे. रंग ओळखण्याचा दोष असेल तर वैद्यकीय तपासणीत अडकशील, म्हणून पुस्तकं घेण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि रंगांची चाचणी करून घे. चष्मा असल्याने लगेच घाबरू नकोस. इंग्रजी मात्र इथे खरंच लागेल. छाप पाडणारं नको, स्पष्ट हवं. वैमानिक कोरियन असो की केरळचा, तुझा आकडा त्याला एका दमात कळला पाहिजे. रोज अर्धा तास मोठ्याने वाच, मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि ऐक. पहिला आठवडा स्वतःचाच आवाज ऐकवणार नाही, मग सवय होते.

नागपूरच्या मुलीने या कामाचा विचार करावा याला एक खास कारणही आहे. नकाशाच्या मध्यावर असल्यामुळे वरून जाणारं कुठलंही विमान संकटात आलं की त्याला सोनेगाव जवळ पडतं. ऑगस्ट २०२१ मध्ये मस्कतहून ढाक्याला निघालेल्या बिमान बांगलादेशच्या विमानात कॅप्टनलाच हृदयविकाराचा झटका आला. विमान रायपूरजवळ होतं. सहवैमानिकाने ते नागपूरला आणून उतरवलं, प्रवासी सुखरूप राहिले. कॅप्टन मात्र पुढे काही दिवसांनी इथल्या रुग्णालयात वारले. त्या दिवशी कुणीतरी रेडिओवर त्या सहवैमानिकाशी बोलत होतं, कुणीतरी धावपट्टी मोकळी करत होतं, आणि आगीच्या गाड्या इंजिन सुरू ठेवून उभ्या होत्या. धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोहोचायचं, हा त्यांचा आंतरराष्ट्रीय मापदंड आहे. ‘ऑपरेशन्स’ या शब्दाचा अर्थ मला विचारशील तर तो हा आहे. ब्लेझर नव्हे.

इतर वाचकांसाठी दोन ओळी, कारण या विषयाची पत्रं माझ्याकडे साठली आहेत. ज्याला खऱ्या अर्थाने विमानतळ ‘चालवायचं’ आहे, त्याच्यासाठी प्राधिकरणाचं एअरपोर्ट ऑपरेशन्सचं पद आहे. त्याला इंजिनिअरिंग, किंवा विज्ञानाची पदवी आणि वर एमबीए लागतं. शिवाय गाडी चालवण्याचा परवाना, कारण धावपट्टीची पाहणी जीपमधूनच करायची असते. बारावी किंवा मेकॅनिकल-ऑटोमोबाईलचा डिप्लोमा असलेल्यांसाठी अग्निशमन आहे, शरीर कमावलेलं हवं. यंत्रांत जीव रमणाऱ्याने विमान देखभालीच्या परवान्याकडे पाहावं. विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात देखभालीची मोठी केंद्रं आहेत. मात्र शिकवणारी संस्था डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते डीजीसीएच्याच संकेतस्थळावर बघा, संस्थेच्या भिंतीवरच्या फ्रेममध्ये नव्हे. आणि कोर्सच करायचा असेल तर रायबरेलीजवळ फुरसतगंजला राजीव गांधी राष्ट्रीय विमानन विद्यापीठ आहे, संसदेच्या कायद्याने झालेलं. तिथली पदविका आणि गल्लीतला डिप्लोमा यांना एका तागडीत तोलू नका. नोकरी देतो म्हणून गणवेशाचे, मेडिकलचे, ‘गेट पास’चे पैसे आधी मागणारा कुणीही असो, तो चोर आहे.

‘आता नागपूरला बूम येणार’ हे वाक्य तुला समुपदेशकाने ऐकवलंच असेल. तुझ्या बाबांना विचार, त्यांनी ते पहिल्यांदा कधी ऐकलं. एमएडीसी स्थापन झाली २००२ मध्ये, तेव्हापासून वर्धा रोडवरच्या प्रत्येक प्लॉटवाल्याने ते म्हटलंय. विमानतळ खासगी कंपनीला चालवायला द्यायची निविदा निघाली, जीएमआरला मिळाली, २०२० मध्ये सरकारने ती रद्द केली, २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, आणि करारावर सह्या झाल्या ऑक्टोबर २०२४ मध्ये. चार हजार मीटरची दुसरी धावपट्टीही आराखड्यात आहे. होईल, नक्की होईल. पण धावपट्टीच्या भरवशावर १५ तारखेच्या आत पैसे भरायचे नसतात, बाप्पा.

मामांचं काय करायचं? त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांना एवढं सांग की सोनेगावात रात्रपाळी तुझ्यापासून सुरू होत नाही. जानेवारी १९४९ पासून कित्येक वर्षं मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली टपालाची विमानं मध्यरात्री इथेच एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत चारही दिशांना पत्रं पोहोचायची. सारा देश झोपलेला असताना हे गाव जागं असायचं. त्यांना हे पटेल असं नाही, पण विषय बदलेल. खरा प्रश्न रात्रीचा नसून रस्त्याचा आहे. चारच्या शिफ्टला मेट्रो सुरू झालेली नसते. कुठलीही नोकरी घेताना कंपनीची गाडी घरापासून घरापर्यंत आहे का, आणि किती वाजेपर्यंत, हे लेखी विचार. नाही म्हणाले तर खोली सोनेगाव, जयताळा, खामला इकडे बघ, आणि तो भाड्यातला फरक पगारातून वजा कर.

बाबांच्या एमपीएससीलाही लगेच नाही म्हणू नकोस. नियंत्रकाच्या पेपरचा निम्मा भाग, म्हणजे इंग्रजी, बुद्धिमत्ता, अंकगणित, बँकेच्या आणि कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांतही चालतो, आणि थोडाफार त्यांच्या एमपीएससीतही. म्हणजे त्यांच्याकडे एक वर्ष मागताना ‘फक्त एका परीक्षेसाठी’ असं म्हणावं लागणार नाही. मी तुझ्या जागी असते तर १ लाख ८५ हजारांतले साधारण निम्मे वर्षाच्या राहण्या-खाण्याला आणि पुस्तकांना मागितले असते, उरलेले बाबांच्या खात्यातच ठेवले असते, आणि सहा महिन्यांनी ग्राउंड स्टाफच्या थेट मुलाखतींनाही जायला सुरुवात केली असती. नोकरी लागली तर अभ्यास सुटेल अशी भीती असते, ती खरी आहे. शिफ्ट करून भौतिकशास्त्र वाचणं कठीण. पण नोकरी करून परीक्षा काढलेल्या दोघींना मी ओळखते, आणि नुसत्या अभ्यासाला बसून काही न झालेल्या कितीतरी जणांनाही. तुझा स्वभाव कोणता, ते तुलाच ठाऊक.

निर्णय घ्यायच्या आधी एक पहाट खर्च कर. बाबांना आदल्या रात्री नागपूरला बोलाव आणि साडेतीनला दोघं विमानतळावर जा. आत जायची गरज नाही. बाहेर कठड्यापाशी उभं राहून शिफ्ट बदलताना बघा: कोण गाडीतून उतरतं, कोण स्कूटीवरून येतं, कुणाच्या गळ्यात कुठल्या रंगाचा पट्टा आहे, सुटलेली मुलगी कुणाची वाट बघत थांबते. एखादीला चहा विचारून पगार कोण देतं तेही विचार. नागपूरकर आहे, सांगेल.

आणि उद्याच करायचं काम: ओबीसी सवलत तुला लागू असेल तर काटोलच्या सेतू केंद्रात जाऊन नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राचा अर्ज टाक. राज्याच्या नमुन्यातलं नको, ‘केंद्र शासनाच्या नमुन्यात’ असं स्पष्ट सांग, कारण प्राधिकरणाला तेच लागतं. जाहिरात आल्यावर धावशील तर तिथली रांग संत्र्याच्या हंगामातल्या बाजार समितीसारखी असते.